चोचले कुत्र्याचे की आपले?

गेल्या महिन्यातील गोष्ट. सोमवारचा दिवस होता व दवाखान्यात गर्दी होती. रक्तदाबाच्या जुन्या पेशंट असलेल्या एक आजीबाई सुनेबरोबर आल्या. रक्तदाब पाहिला तर वरचा आकडा १७० च्या पुढे. गोळ्या वेळेवर घेता का, असे विचारले.

"घेतो जी. पण जिवाला घोर लागला आहे, डॉक्टरसाहेब. राजा काहीच खात नाही. भात ठेवला तर तोंड फिरवते. पोळी दिली तर हुंगून निघून जाते."

राजा म्हणजे नातू असावा, या समजुतीने मी वय विचारले. सूनबाईंनी पदराआड हसू लपवले. राजा म्हणजे त्यांच्या घरचा पांढरा पॉमेरियन कुत्रा. वय सहा वर्षे.

"अगदीच काही खात नाही?"

"बिस्किट खाते जी. चहात बुडवून दिलं तर आठ-दहा खाते. अन् लेकानं चिकन आणलं, तर बारीक करून दिलं का तेही खाते."

मी हसून म्हणालो, "आजी, हा आजार कुत्र्याचा नाही, तुमचा आहे. बिस्किटे बंद करा." माझे हे निदान अर्धेच बरोबर होते. ते कसे, हे लेखाच्या शेवटी सांगतो. त्याआधी हा विषय आरोग्याच्या सदरात का घेतला, ते सांगितले पाहिजे.

डॉक्टरच्या घरचा अनुभव

मी माणसांचा डॉक्टर, जनावरांचा नव्हे. हा फरक एकदा मी विसरलो आणि त्याची किंमत एका मुक्या जिवाने मोजली.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी बंड्या नावाचा असाच एक छोटा कुत्रा होता. त्याचे वजन सहा किलोच्या आत असायला हवे होते, ते नऊ किलोच्या घरात गेले होते. माझी आई त्याला मांडीवर घेऊन भरवत असे. साधा वरण-भात तो खात नसे, मग त्यावर तूप येई. पुढे तुपालाही कंटाळला, मग दुधाची साय आली. दिवसभर दवाखान्यात लोकांना चरबी कमी करा म्हणून सांगणारा मी, घरी हे सारे कौतुकाने पाहत होतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, घरी मटणाचा बेत होता. पाहुणे बरेच होते. प्रत्येकाने बंड्याला चरबीचा एखादा तुकडा टाकला. कोणी रश्शात बुडवून पोळी दिली. रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. तो पाठ कमानीसारखी करून कोपऱ्यात उभा राहिला. ॲसिडिटी असेल असे समजून मी त्याला माणसांचे औषध दिले. दुसऱ्या दिवशी त्याचे दुखणे पाहवेना, म्हणून माझ्याच खणातील वेदनाशामक गोळीचा तुकडा त्याच्या घशात घातला. तिसऱ्या दिवशी त्याला काळी शौच झाली. तेव्हा कुठे पशुवैद्यक डॉक्टरांकडे नेले. स्वादुपिंडाला तीव्र सूज आली होती, आणि त्यावर माझ्या गोळीने पोटात रक्तस्राव झाला होता. त्याच रात्री तो गेला.

ते पशुवैद्यक वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मला एका शब्दाने दोष न देता ते एवढेच म्हणाले, "सर, पहिल्या रात्रीच फोन करायचा होता." आई दोन दिवस जेवली नाही. आपल्या हाताने जीव गेला, असे तिला वाटत होते. वास्तविक शेवटचा हात माझा होता.

हा विषय श्रीमंती चोचल्यांचा आहे काय?

काही वाचक म्हणतील की डॉक्टर, ज्या भागात कुपोषित बालकांचा प्रश्न अजून संपलेला नाही, तेथे तुम्ही पॉमेरियनच्या जेवणावर कसले लिहिता? आक्षेप रास्त आहे. दुर्गम गावांतील बालकांना आणि मातांना पुरेसे व चांगले अन्न मिळणे ही पहिली गरज आहे, याविषयी दुमत नाही. परंतु माझ्या मते हे दोन प्रश्न एकमेकांपासून वाटतात तितके दूर नाहीत. ज्या घरात कुत्रा बिस्किटांवर जगतो, त्याच घरातील मूल बहुधा बिस्किटे, कुरकुरीत पाकिटे आणि दूध-साखरेवर जगत असते. दोघांना भरवणारा हात एकच असतो आणि "बिचारा काही खातच नाही" ही तक्रारही एकच असते. चांगल्या खाण्यासाठी पैसा कमी पडणे हा एक प्रकार झाला. पैसा असून चुकीचे खाऊ घालणे हा दुसरा. आज आमच्या दवाखान्यात दुसऱ्या प्रकारचे पेशंटही भरपूर येतात.

शिवाय माणसांच्या वैद्यकशास्त्रावर कुत्र्यांचे फार मोठे ऋण आहे. मुलांची हाडे वाकवणारा मुडदूस हा रोग आहारातील उणिवेने होतो, हे इंग्लंडमधील एडवर्ड मेलान्बी यांनी १९१९ च्या सुमारास दाखवले, ते कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून. मोजक्या आहारावर ठेवलेल्या पिलांची हाडे वाकली आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने तो रोग टळला. पुढे ड जीवनसत्त्वाचा शोध लागला. पेलाग्रा या रोगावर निकोटिनिक आम्ल लागू पडते याचा धागा १९३७ साली अमेरिकेत कॉनराड एल्व्हेजेम यांना कुत्र्यांच्या 'काळी जीभ' या रोगावरूनच मिळाला. आपल्या देशातही डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादला, आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, ज्वारीवर भर असलेला आहार आणि पेलाग्रा यांचा संबंध १९६० च्या दशकात तपासला. ज्वारीच्या आहारावर ठेवलेल्या कुत्र्यांनाही काळी जीभ हा रोग झाल्याचे त्यांना आढळले. ज्वारी वाईट, असा याचा अर्थ नव्हे. कोणत्याही एकाच धान्यावर जीव तगत नाही, हा त्याचा अर्थ.

बिस्किटांचे गणित

आता राजाकडे वळू. पाच किलो वजनाच्या, घरातच वावरणाऱ्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ३५० ते ४०० कॅलरी पुरतात. एका लहान ग्लुकोज बिस्किटात वीस-पंचवीस कॅलरी असतात. दहा बिस्किटे म्हणजे दोनशेच्या वर कॅलरी झाल्या. त्यात चहाचे दूध आणि साखर मिळवा. म्हणजे राजाच्या दिवसभराच्या अन्नापैकी निम्म्याहून अधिक भाग सकाळच्या चहाबरोबरच पोटात गेलेला असतो. हेच प्रमाण माणसाला लावून पाहा. दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसाने सकाळी पन्नास बिस्किटे खाल्ली आणि दुपारी "मला भूक नाही" म्हटले, तर आपण त्याला डॉक्टरकडे नेऊ का?

म्हणून छोट्या कुत्र्याच्या बाबतीत "फक्त एक घास" हा शब्दप्रयोग फसवा आहे. आपला एक घास त्याचे पाव जेवण असते.

दुसरे कारण शिकवणीचे आहे. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांना १९०४ साली पचनसंस्थेवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न समोर येण्यापूर्वीच नुसत्या खुणेने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांचे निरीक्षण सर्वांनी शाळेत वाचलेले असते. कुत्रा खूण शिकतो, आणि फार लवकर शिकतो. भाताकडे पाठ फिरवली की दहा मिनिटांत चिकन येते, हे त्याला दोन दिवसांत कळते. तो चोखंदळ नसतो, हुशार असतो. शिकवणी आपण घेतलेली असते आणि वर आपणच म्हणतो, "आमच्याला ना, साधे काही चालतच नाही!"

मुलांविषयी एक जुना प्रयोग येथे आठवतो. अमेरिकेतील डॉ. क्लारा डेव्हिस यांनी नुकतेच दूध सुटलेल्या बाळांपुढे तीसेक साधे पदार्थ ठेवले आणि काय व किती खायचे, ते बाळांवर सोडले. कोणी बळजबरी करायची नाही, कोणी लाडीगोडी लावायची नाही. १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार बाळे उत्तम वाढली. पण त्यातील मेख अशी की, त्या पदार्थांमध्ये साखर आणि मिठाया नव्हत्याच. निवड बाळाची होती, यादी मोठ्या माणसांची. घरातील मूल असो वा कुत्रा, मला हा नियम दोघांनाही लागू वाटतो. काय ठेवायचे, केव्हा ठेवायचे, हे आपण ठरवावे. किती खायचे, हे त्याच्यावर सोडावे.

आधी आजार तर नाही ना?

मात्र एक गोष्ट ठळकपणे लिहितो. नेहमी व्यवस्थित खाणारा कुत्रा अचानक खाणे सोडतो, तेव्हा ते चोचले नसतात, ते लक्षण असते. छोट्या जातींमध्ये दातांवर कीट चढणे, हिरड्या सुजणे ही दुखणी फार. तोंड दुखत असेल तर कुत्रा ताटलीजवळ येतो, हुंगतो आणि परत जातो. आपल्या भागात गोचिडांपासून होणारे तापही आढळतात. कुत्रा मलूल दिसतो, हिरड्या फिकट पडतात, खाणे सुटते. पोटातील जंत हे आणखी एक कारण. चार महिन्यांच्या आतील छोट्या जातीचे पिलू काही तास जरी उपाशी राहिले, तरी त्याच्या रक्तातील साखर उतरून ते थरथरते, कोसळते. अशा पिलाला "भूक लागली की खाईल" हा नियम लावू नये.

उन्हाळ्याचेही भान ठेवावे. चंद्रपूरचा पारा ४५-४६ अंशांवर जातो, तेव्हा आपल्यालाच दुपारी जेवण नकोसे होते. मग अंगावर दुहेरी केसांचा कोट घेऊन जगणाऱ्या कुत्र्याची काय कथा! मे महिन्यात त्याचे जेवण सकाळी लवकर आणि रात्री उशिरा द्यावे. दुपारी फक्त सावली व गार पाणी असावे.

आणि एक अत्यंत महत्त्वाची सूचना, जी माणसांचा डॉक्टर म्हणून मी हक्काने देतो. कुत्रा खात नाही, लाळ गळते, जबडा लोंबतो, आवाज बदलला आहे, स्वभाव बदलला आहे, अशा वेळी "घशात हाड अडकले असेल" म्हणून त्याच्या तोंडात हात घालू नका. पिसाळलेला कुत्रा नेहमी धावून चावतोच असे नाही. रेबीजच्या एका प्रकारात तो गप्प पडून राहतो आणि त्याला गिळता येत नाही. अशी लाळ जखमेला, डोळ्याला किंवा ओठांच्या आतील बाजूस लागली तरी तो गंभीर संपर्क समजला जातो. चावा वा ओरखडा असल्यास साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. डॉक्टरांनी सांगितल्यास जखमेत देण्याचे रेबीजविरोधी सीरम घ्यावे आणि लसीचे सर्व डोस पूर्ण करावेत. मिरची, चुना, हळद लावण्यात वेळ घालवू नये. रेबीज झाल्यावर उपाय जवळपास नाही, होण्यापूर्वी मात्र तो पूर्ण टाळता येतो. घरच्या कुत्र्याला पिलूपणी साधारण तीन महिन्यांचे असताना लस द्यावी आणि पुढे पशुवैद्यकांनी सांगितल्याप्रमाणे ती चालू ठेवावी. "आमचा घराबाहेर जात नाही" ही सबब ऐकू नये.

ताटलीत काय असावे?

कुत्रा लांडग्याचा वंशज म्हणून त्याला फक्त मांस द्यावे, असे काही लोक सांगतात. ते खरे नाही. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवले की, पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यात चार ते तीस. माणसाच्या चुलीजवळ हजारो वर्षे राहून कुत्रा भात-भाकरी पचवायला शिकला आहे. आपल्या झाडीपट्टीतील भातखाऊ कुत्रे याची साक्ष देतातच.

पण नुसता भातही पुरत नाही, आणि नुसते मांसही. मांसात फॉस्फरस भरपूर व कॅल्शियम नाममात्र असते. केवळ चिकनवर वाढवलेल्या पिलांची हाडे ठिसूळ होतात, साध्या उडीनेही पाय मोडतो. माणसापेक्षा दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कुत्र्याचे शरीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करते, त्यामुळे त्याला लिंबू-आवळ्याची गरज नसते. उलट उन्हात बसून आपल्याला मिळते तसे ड जीवनसत्त्व त्याला पुरेसे मिळत नाही. ते अंड्याचा बलक, मासे, यकृत अशा अन्नातूनच मिळावे लागते.

पाच किलोच्या निरोगी प्रौढ कुत्र्यासाठी दिवसभराचे घरगुती जेवण साधारण असे असावे: बिनहाडांचे, बिनमसाल्याचे शिजवलेले चिकन शंभर ग्रॅम, शिजवलेला मऊ भात शंभर ग्रॅम, अर्धे उकडलेले अंडे, दोन-तीन चमचे शिजवलेले कोहळे किंवा गाजर, एक छोटा चमचा तेल, आणि उकळून वाळवून बारीक दळलेल्या अंड्याच्या टरफलाची भुकटी सपाट पाव चमचा. हे दोन वेळांत विभागून द्यावे. चिकनऐवजी कधी मासे चालतील, पण काटे काढून. आठवड्यातून एकदा थोडी कलेजी पुरे, जास्त नको. शाकाहारी घरात अंडी चालत असतील तर अंडी, पनीर, दही व मऊ शिजवलेली डाळ यांचा मेळ घालता येतो. मात्र तो पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच घालावा.

येथे प्रामाणिकपणे एक सांगतो. अमेरिकेत २०१३ साली कुत्र्यांसाठीच्या दोनशे घरगुती पाककृती तपासण्यात आल्या. त्यांतील ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी पडत होता. वर दिलेली यादीही त्याला अपवाद नाही. जस्त, आयोडीन, ई जीवनसत्त्व अशा गोष्टी घरच्या ताटलीत सहसा अपुऱ्याच राहतात. म्हणून कायम घरचेच द्यायचे असेल, तर पूरक भुकटी कोणती व किती, हे पशुवैद्यकांना विचारावे. तयार खाद्य देण्यातही कमीपणा नाही. पाकिटावर ते संपूर्ण आहार म्हणून दिले आहे की नुसता खाऊ म्हणून, कोणत्या वयासाठी आहे आणि मुदत केव्हा संपते, एवढे वाचावे. पोत्यातून काढून सुटे विकलेले खाद्य घेऊ नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यातील चरबी लवकर खवट होते, आणि मग कुत्रा ते खात नाही यात त्याचा दोष काय?

काय टाळावे?

आपल्या घरातील उरलेली भाजी आणि रस्सा कुत्र्याला देणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. आपल्या वैदर्भीय रश्शाचा पायाच कांदा-लसूण, आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. परिणाम लगेच दिसत नाही, चार-पाच दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, तोवर कारण कोणाच्या लक्षातही राहत नाही. द्राक्षे व मनुका मूत्रपिंड निकामी करू शकतात, म्हणजे शिऱ्यातला, लाडवातला बेदाणाही नको. चॉकलेट, चहा, कॉफी हृदयाला घातक. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या च्युइंगमने कुत्र्याची रक्तशर्करा एकदम उतरते व यकृतालाही इजा होते. शिजवलेली हाडे मोडून टोकदार होतात व आतड्यात रुततात. दुधाने अनेक प्रौढ कुत्र्यांना जुलाब होतात. त्यापेक्षा थोडे दही बरे. चरबीचे तुकडे आणि तुपकट पदार्थ का नकोत, ते बंड्याने मला शिकवले. आणि माणसांची वेदनाशामक गोळी? ती पशुवैद्यकांना न विचारता कधीच नाही.

सवय कशी मोडावी?

आजार नाही याची खात्री झाल्यावर उपाय सोपा आहे, पण त्याला घरातील सर्वांचे एकमत लागते. दोन ठरावीक वेळी ताटली ठेवावी. पंधरा-वीस मिनिटांनी, खाल्ले असो वा नसो, उचलावी. मध्ये काही देऊ नये. हाताने भरवू नये, आर्जवे करू नयेत. अन्न किंचित कोमट केले तर वास सुटतो व कुत्रा लवकर येतो. नवे अन्न द्यायचे तर पहिल्या दिवसापासून सगळे बदलू नये. जुन्यात पाव भाग नवे, मग अर्धे, मग पाऊण, असे आठवडाभरात बदलावे. खाऊ द्यायचाच असेल तर दिवसाच्या अन्नाच्या दहाव्या भागापेक्षा अधिक नको. पाच किलोच्या कुत्र्याला हे एका-दीड बिस्किटाइतके होते. निरोगी प्रौढ कुत्रा एखादे जेवण चुकवतो, दोन चुकवतो आणि मग मुकाट्याने खातो. चोवीस तास उलटूनही तो काहीच खात नसेल तर मात्र पशुवैद्यकांकडे न्यावे.

सर्वांत कठीण काय असेल, तर घरातील ज्येष्ठांना समजावणे. आजी-आजोबांचे प्रेम हातातून बाहेर पडते आणि ते घासाच्याच रूपाने पडते. त्यांना "देऊ नका" म्हणून दटावणे मला योग्य वाटत नाही. त्यांना सकाळच्या ताटलीची जबाबदारी द्यावी. मोजून ठेवणे त्यांच्याकडे, उचलणे दुसऱ्याकडे. प्रेमही राहते व मापही राहते.

जंगलाच्या काठावरचे पथ्य

आपल्या जिल्ह्यांसाठी आणखी एक पथ्य आहे, जे पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सापडत नाही. कुत्र्याने न खाल्लेले अन्न अंगणात रात्रभर ठेवू नये, आणि कुत्र्यालाही बाहेर बांधू नये. उष्ट्यावर मोकाट कुत्री व डुकरे येतात, आणि त्यांच्या मागावर बिबट येतो. अकोले तालुक्यात, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. आपल्याकडे फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात आणि दुर्गापूरला वाघ-बिबट्यांनी माणसे मारली, ते दिवस कोणी विसरलेले नाही. चोखंदळ कुत्र्याची भरलेली ताटली रात्री ओट्यावर ठेवणे म्हणजे साऱ्या मोहल्ल्याचा धोका वाढवणे आहे.

शेवटी आजींचे काय झाले?

माझ्या सल्ल्यावर आजींचा विश्वास बसला नसावा. म्हणून मी त्यांना म्हणालो, "आधी जनावरांच्या दवाखान्यात दाखवून घ्या, मग बिस्किटे बंद करा." बंड्याच्या वेळी ऐकलेले ते वाक्य मनात होते, म्हणून एवढे तरी सुचले.

गेल्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. राजाच्या मागच्या एका दाढेच्या मुळाशी पू झाला होता. पशुवैद्यकांनी ती काढली. आता उलगडा झाला. चहात बुडवलेले बिस्किट मऊ, बारीक केलेले चिकन मऊ, आणि पोळी चावावी लागते. दाढ दुखत होती म्हणून त्याने पोळी सोडली. आजींनी बिस्किटे दिली, पोट भरले, मग मऊ भाताचीही भूक राहिली नाही. म्हणजे दुखणे त्याचे होते आणि सवय आपली. हसण्यावारी नेऊन मी त्यातील एकच अर्धा भाग पाहिला होता. तीस वर्षे दवाखाना चालवूनही मी बोलका व मुका पेशंट यांत भेद केला. बोलक्या माणसाची भूक गेली, तर मी आधी त्याचे तोंड उघडून पाहतो.

"आता भात खाते का?"

"खाते जी. अंडं कुस्करून देतो. अन् पोट्ट्याची बिस्किटंही बंद केली सूनबाईनं."

रक्तदाब पाहिला. वरचा आकडा १४० वर आला होता. गोळी तीच होती.